टिपणिसांचं बनियन आणि जिदहफ्सचा हमाम

मंडळाच्या मीटिंगमध्ये शैलेंद्र टिपणीस सहसा बोलत नाहीत. ते चिटणीस आहेत, ते लिहितात. बोलायचं खातं अध्यक्ष रणदिव्यांकडे, आणि ते खातं इतकं जोरात चालतं की दुसऱ्या कुणाला त्यात हात घालायची संधीच मिळत नाही. पण त्या शुक्रवारी रणदिव्यांनी विषय काढला नरकचतुर्दशीच्या अंघोळीचा.

"काय ती आपली बहारीनची अभ्यंगस्नानं!" रणदिवे म्हणाले. "दीड फुटाच्या काचेच्या खोक्यात शॉवरखाली उभं राहायचं. तेल लावलं की बायको ओरडते, टाइल्स घसरतात. उटणं लावलं की जाळी तुंबते. याला सण म्हणायचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि टिपणिसांच्या तोंडून निघून गेलं, "हमाम बुक केला तर?"

एकदम टाळ्या! रणदिवे तर खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी टिपणिसांच्या पाठीवर थाप मारली. "वा टिपणीस! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बोललात, पण काय बोललात!"

आता टिपणीस असं का बोलले? एक म्हणजे रणदिवे हे होऊ घातलेले व्याही. टिपणिसांची कश्मिरा आणि रणदिव्यांचा वरुण यांचं आपापसांत ठरलेलंच होतं, मोठ्यांची बोलणी दिवाळीनंतर व्हायची होती. अशा वेळी मुलीच्या बापाला थोडी छाप पाडावीशी वाटते, त्यात काही चूक नाही. दुसरं म्हणजे त्यांची बायको हेमा मागं एकदा बायकांच्या पार्लरमध्ये मोरोक्कन बाथ घेऊन आली होती. तिथं प्रत्येकीला स्वतंत्र खोली, आतून कडी. टिपणिसांनी हमाम म्हणजे हेच धरलं. अठरा पुरुष, अठरा खोल्या, अठरा कड्या.

कडी हा टिपणिसांच्या आयुष्यातला फार महत्त्वाचा मुद्दा होता. कारण टिपणिसांना कोड होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत, पुढून आणि मागून. कॉलरच्या वर काही नाही, मनगटाच्या पुढं काही नाही. अठरा वर्षांपूर्वी पहिला डाग दिसला आणि त्या दिवसापासून टिपणीस बनियन आणि वर फुल शर्ट या वेषात गेले ते गेलेच. बहारीनचा जुलै काय असतो हे ज्यानं पाहिलंय त्यालाच याची किंमत कळेल. पिकनिकला लोक समुद्रात उतरायचे, टिपणीस चटईवर बसून चपला सांभाळायचे. घरीसुद्धा हेमानं रात्री मलम चोळून दिलं की दुसऱ्या मिनिटाला बनियन अंगात. हे ठाऊक होतं हेमाला, कश्मिराला आणि पुण्याच्या एका डॉक्टरांना. हेमाच्या सख्ख्या भावालाही नाही.

कश्मिराचं म्हणणं साधं होतं. "बाबा, इट्स जस्ट स्किन. मी वरुणला सांगते ना."

"अजिबात नाही! बोलणी होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. माझी शपथ आहे तुला." टिपणिसांनी आपल्या आत्येबहिणीचं मोडलेलं लग्न पाहिलं होतं. मुलीच्या काकाला कोड आहे एवढ्यावर मोडलेलं. इथं तर खुद्द बाप होता.

असो. हमाम शोधायचा होता. बातमी पसरली आणि बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस हमामातला जाणकार निघाला. बँकेतले गुंडू सामंत म्हणाले, तुर्की पद्धतीचा घ्या, मोरोक्कन नको. फरक विचारला तर म्हणाले, नावात आहे ना फरक. समोरच्या नूरबानो भाभींनी सांगितलं की त्यांचे मियाँ एकदा हमामात गेले ते दोन दिवस लालबुंद होते आणि खूप हलकं हलकं बोलत होते. सामंतांच्या मेव्हण्यानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर कळवलं की हमामात रक्तदाब एकदम पडतो, सगळ्यांचे ईसीजी काढा. ज्यांना जायचं नव्हतं त्यांचे सल्ले सगळ्यांत जास्त होते.

उपयोगाचं एकच माणूस बोललं, खालच्या मजल्यावरचे दशरथ वानखडे. हे खामगावचे, तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये बॉयलर टेक्निशियन, आणि जिदहफ्स भागातल्या एका जुन्या हमामाच्या बॉयलरची देखभाल त्यांच्याचकडं.

"मालकाशी मी बोलतो," दशरथ म्हणाले. "पण साहेब, तुमाले एक सांगतो. तिथली मोरी जुनी हाये. थे तुमचं उटणं की काय, थे त्यात जाऊ देऊ नका. आन् त्या दिवशी मी बॉयलरवर थांबतो. इतका लोड त्यानं कधी घेतला नाही."

"अहो, पण तुम्ही दिवाळी करत नाही ना?"

"दिवाळी तुमची. बॉयलर माझा," दशरथ म्हणाले आणि जिना उतरून गेले.

हमामाच्या मालकाच्या ऑफिसात टिपणिसांना तीन चकरा पडल्या. पहाटे पाच वाजता अठरा भारतीय माणसं तेल लावून येणार, हे त्या भल्या गृहस्थाला काही केल्या पटेना. त्याला अठरा जणांच्या सीपीआर कार्डांच्या, म्हणजे ओळखपत्रांच्या, प्रती हव्या होत्या, मंडळाचं पत्र हवं होतं, आणि फॉर्ममध्ये 'येण्याचा उद्देश' या रकान्यात धार्मिक, वैद्यकीय आणि खेळ यांपैकी एकावर खूण हवी होती. टिपणीस अर्धा तास विचार करत बसले. धार्मिक म्हटलं तर आणखी पत्रं लागणार, वैद्यकीय म्हटलं तर डॉक्टर, खेळ म्हटलं तर ट्रॅकसूट. शेवटी त्यांनी चौथा चौकोन स्वतः काढला आणि त्यात 'स्वच्छता' लिहून खूण केली. मालकानं ते वाचलं, टिपणिसांकडं आदरानं पाहिलं आणि शिक्का मारला. पंचवीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे कागद तपासणारा हा माणूस त्या दिवशी इतका खूश झाला की पाठीमागं छापलेले नियम न वाचता सही करून आला.

नियम वाचले घरी येऊन. नियम तीन: प्रत्येकानं हमामाचं चौकड्यांचं कापड, ज्याला तिथं वजार म्हणतात, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळावं आणि ते कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. नियम चार: वजाराशिवाय अंगावर एकही कपडा नको. नियम पाच: हमाम एकच खोली आहे.

टिपणिसांनी नियम पाच पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी ते घाईघाईनं जिदहफ्सला गेले. तिथं न्हाऊ घालणारा इमाद भेटला. हलब शहराचा माणूस, पन्नाशीचा, दंड भक्कम, स्वतःही कमरेला वजार लावून उघडाच उभा. एकोणीस वर्षं तो याच संगमरवरी ओट्याशी काम करत होता.

"भाई, एक आदमी बनियन पहनके बैठेगा तो चलेगा?" टिपणिसांनी विचारलं.

"फनेला मफी," इमाद म्हणाला, म्हणजे बनियन नाही.

"सिर्फ पतला वाला?"

"फनेला मफी. पतला मफी, मोटा मफी. इदर मुदीर साब आता, ड्रायवर आता, सब बराबर. कपडा बाहर, आदमी अंदर."

यानंतरच्या आठ दिवसांत टिपणिसांनी जे प्रयत्न केले त्यांची यादी वाचून त्यांच्या शत्रूलाही कीव येईल. सर्दीचं सर्टिफिकेट आणलं, तर रणदिवे म्हणाले, वाफ सर्दीला उत्तमच. ऑफिसात ऑडिट आहे म्हटलं, तर ऑडिटर मंडळाचाच निघाला आणि तोही हमामाला येणार होता. शेवटी त्यांनी अठरा जणांच्या यादीत स्वतःच्या नावापुढं लिहिलं, 'व्यवस्थापक (कोरडा)'. म्हणजे ते कपड्यांनिशी दाराच्या उंबऱ्यावर थांबणार, नावं घेणार, घड्याळं आणि चष्मे सांभाळणार. इमादनं खूप वेळ विचार करून उंबरा हा आत धरायचा की बाहेर, याचा निकाल टिपणिसांच्या बाजूनं दिला.

"जाऊच नका ना," हेमा म्हणाली.

"मीच काढली कल्पना, मीच गेलो नाही तर रणदिव्यांना काय वाटेल?"

"आणि उंबऱ्यावर उभे राहिलात तर काय वाटेल?"

टिपणिसांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला मंडळी जमली. वाटीत तेल, डब्यात उटणं. कारीट काही बहारीनमध्ये मिळेना, म्हणून नरकासुर चिरडायला जिदहफ्सच्या बाजारातल्या छोट्या काकड्या आणल्या होत्या. इमादनं सगळ्यांना वजार वाटले आणि कपडे बदलायच्या खोलीकडं बोट दाखवलं.

आत गेले ते दोन मॅनेजर, चार इंजिनीयर, एक ऑडिटर, बँकेचे सामंत, आणि बाहेर आले ते सतरा उघडे बाप्ये. कोण साहेब आणि कोण कारकून, काही कळेना. पहिल्यांदा सगळे भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे. कुणी दोन्ही हात छातीवर घेतलेले, कुणी उगाच गाठ तपासतोय. एकमेकांच्या डोळ्यांकडंच बघायचं असा सगळ्यांचा निर्धार.

आणि मग इमादनं कामाला हात घातला. उंबऱ्यावरच्या टिपणिसांनी ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर ते बघतच राहिले. ऑडिटरला त्यानं दंडाला धरून ओट्यावर आडवं केलं, बादलीभर ऊन पाणी ओतलं, खरखरीत हातमोजा चढवला आणि चोळायला सुरुवात केली. "यल्ला, हाथ ऊपर. यल्ला, पलटी." हर्नियाच्या टाक्यांवर हात हलका केला, पाठीवर पुन्हा जड. ना कुणाच्या पोटाकडं बघून हसला, ना कुणाच्या बरगड्या मोजल्या. भांडी घासावीत तितक्या सहजपणे तो माणसं घासत होता, आणि तितक्याच मायेनंही. पंधरा मिनिटांत सगळ्यांनी आत ओढलेली पोटं सोडून दिली. अर्ध्या तासात गप्पा सुरू झाल्या, बायपासच्या खुणा दाखवून झाल्या, लहानपणी आई कशी रगडायची ते निघालं. जी माणसं मंडळाच्या जेवणाला नावापुढं पदं लावून बसायची, ती एकमेकांच्या पाठीला तेल लावत होती. टिपणिसांना आयुष्यात इतका हेवा कधी वाटला नव्हता. शर्टाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

"टिपणीस, आत या हो!" रणदिवे ओट्यावरून ओरडले. त्यांनी जवळजवळ पाव किलो तेल अंगाला लावून घेतलं होतं.

"मी कोरडा आहे," टिपणीस म्हणाले.

नेमकं उटण्यानं घोटाळा केला. जाळीवर फडकं धरायचं ठरलं होतं, ते फडकं कुणी धरायचं हे ठरलं नव्हतं. मोरी तुंबली. पाणी घोट्यापर्यंत आलं, त्यात काकड्या तरंगायला लागल्या. इमाद अरबीत काहीतरी लांबलचक बोलला. सामंतांना वाटलं, आपण तरी काहीतरी करावं. त्यांनी भिंतीवरचा एक चाक-व्हॉल्व्ह पाहिला आणि पाणी बंद करण्यासाठी तो सगळी शक्ती लावून फिरवला. उलट्या दिशेनं.

पाइपाचा जुना सांधा फटकन उसवला आणि ऊन पाण्याचा फवारा सरळ ओट्याकडं. त्या ओट्यावर रणदिवे. सगळे मागं पळाले, रणदिवे पळू शकेनात, कारण तेल. उठायला जायचे आणि घसरून परत तिथंच. फवारा त्यांच्या पायाशी पोहोचला. "अरे चटका बसतोय! अरे कुणीतरी!"

मागच्या दारातून दशरथ धावत आले. तेही बॉयलरच्या खोलीत काम करत असल्यानं कमरेच्या वर उघडेच. त्यांनी पाहिलं, सांध्यावर तळहात दाबला, हात भाजला तशी शिवी हासडली. "इमाद भाई, उदर मेन बंद करो! दो मिनट लगेगा! तोपर्यंत मले कापड द्या! सुती कापड, जाड!"

कापड! त्या खोलीत सोळा जण उभे होते आणि प्रत्येकाच्या अंगावर एकेकच कापड होतं. सोळाच्या सोळा जणांनी दोन्ही हातांनी आपापल्या वजाराची गाठ घट्ट धरली. टॉवेल आणि सगळ्यांचे कपडे बाहेर, कपाटात, किल्ली इमादच्या गळ्यात, इमाद बॉयलरमागं. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडं वळल्या.

टिपणिसांनी शर्ट काढला आणि फेकला. दशरथनं तो गुंडाळला, फवाऱ्यानं तो उडवून लावला.

"हा टेरिकॉट हाये साहेब! चालत नाही! आतलं द्या, बनियन!"

टिपणीस उभे राहिले. त्यांना कश्मिरा दिसली, आत्येबहीण दिसली, अठरा वर्षांची सगळी बनियनं दिसली. रणदिवे ओरडत होते. टिपणिसांनी बनियन डोक्यावरून ओढून काढलं, घोटाभर पाण्यातून धावत गेले आणि स्वतःच्या हातानं सांध्याभोवती आवळलं. त्यावर दशरथनं हात ठेवला, दोघांनी मिळून धरून ठेवलं. फवारा खाली वळला. दोन मिनिटांनी पाणी थांबलं.

वाफ हळूहळू विरली, आणि टिपणीस दिसायला लागले.

सतरा जणांची नजर त्यांच्या छातीवर, पोटावर. टिपणिसांचे हात आपोआप वर आले, अंग झाकायला. पण दोन हातांत झाकलं जाईल इतकं ते थोडं नव्हतं. त्यांनी हात खाली सोडले.

"कोड आहे," ते रणदिव्यांकडं बघून म्हणाले. "अठरा वर्षं झाली. लागट नाही. कश्मिराला नाहीये. ती सांगायचं म्हणत होती, मीच तिला शपथ घातली. तिचा काही दोष नाही, ते तेवढं लक्षात ठेवा."

इमाद बॉयलरमागून आला. त्यानं मोरी पाहिली, पाइपावरचं बनियन पाहिलं, टिपणीस पाहिले. पायानं चार काकड्या बाजूला सारल्या, पाटलोण तशीच ठेवून टिपणिसांना दंडाला धरून ओट्याच्या कडेवर बसवलं आणि हातमोजा चढवला. नियम चारचं त्यानं त्या दिवशी नावही काढलं नाही.

"तुम बाकी है," तो म्हणाला आणि पाठ चोळायला लागला, ऑडिटरची चोळली तशीच. थोड्या वेळानं त्यानं हातमोजा पुढं आणून टिपणिसांना दाखवला. "देखो. मैल दोनो रंग का ऊपर सेम निकलता."

रणदिवे तोवर कसेबसे उठून बसले होते. त्यांचा चेहरा गंभीर होता. "टिपणीस," ते म्हणाले, "हे तुम्ही बरोबर केलं नाहीत."

टिपणिसांनी मान खाली घातली.

"अहो, बहारीनच्या उन्हाळ्यात अठरा वर्षं बनियन आणि फुल शर्ट? माणूस आहात की कोण? आणि मी मूर्ख इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला आमच्यात मिसळायचं नसतं! पिकनिकला चपला सांभाळत बसायचात. परवाच बायकोला म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे पण हा व्याही जरा आखडू मिळणार." रणदिव्यांनी हात पुढं केला. "ती वाटी द्या इकडं. सामंत, त्या नळाला हात लावू नका, फक्त बादली आणा. इमाद भाई, जरा सरको. हमारा व्याही है, हम लगाएगा."

आणि त्यांनी टिपणिसांच्या पाठीला उटणं लावायला घेतलं. खांद्यापासून कमरेपर्यंत, चांगलं रगडून, अध्यक्षाला शोभेल अशा उत्साहानं. टिपणीस ओट्यावर बसून रडत होते, पण सगळेच निथळत असल्यानं ते कुणाला वेगळं कळलं नाही. दशरथ भाजलेला तळहात गार पाण्यात धरून उभे होते. "मोरीचं सांगतलं होतं मी," ते म्हणाले. पण हसत म्हणाले.

साडेसातला टिपणीस घरी आले. पाटलोण ओली, अंगात काही नाही, खांद्यावर इमादनं दिलेला हातभर टॉवेल. लिफ्टमध्ये नूरबानो भाभी भेटल्या. त्यांनी एकदा पाहिलं, "दिवाली मुबारक, भाईसाब," म्हणाल्या आणि मजला आल्यावर उतरून गेल्या.

हेमा पाट मांडून, ओवाळणीचं ताट घेऊन वाट बघत होती. दार उघडलं आणि तिनं ताट खाली ठेवलं.

"अहो! शर्ट?"

"ओला झाला."

"आणि बनियन?"

"पाइपाला बांधलंय."

"म्हणजे... कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी."

"रणदिव्यांनी?"

"त्यांनीच तर चोळली पाठ. व्याही म्हणाले, हेमा. इमादला सांगत होते, हमारा व्याही है."

टिपणिसांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, उलट्या फिरवलेल्या व्हॉल्व्हसकट. हेमा ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिनं पदरानं पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. आणि मग ती जी भडकली!

"अठरा वर्षं मी सांगतेय, काढा ते बनियन, कोण खातंय तुम्हाला! मी सांगितलं, नाही काढलंत. लेकीनं सांगितलं, नाही काढलंत. डॉक्टरनं सांगितलं, जरा ऊन लागू द्या, नाही काढलंत. आणि काढलंत ते कुणासाठी? तर जिदहफ्सच्या त्या फुटक्या पाइपासाठी!"

टिपणीस आतल्या खोलीकडं निघाले.

"कुठं चाललात?"

"शर्ट घालून येतो. ओवाळायचंय ना?"

"बसा पाटावर," हेमा म्हणाली. "असेच."